फोटो काढला की बनवला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात लिहिलं होतं की आजचा फोन बटण एकदा दाबलं तरी आतल्या आत पाच-दहा फोटो घेतो, ते एकमेकांवर जुळवतो, हिशेब करतो आणि मग एक फोटो आपल्या हातात देतो, याला कॉम्प्युटेशनल फोटोग्राफी म्हणतात. त्यावर खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, शहापूर सगळीकडून पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले. काहीजण चिडलेत पण, "मग आम्ही काढतो ते फोटो खोटे की काय ओ?" असं विचारलंय. एका ओळीत सांगण्यासारखं ते नाही, खाली जागोजागी येईल. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

शहापूर, बेळगाव. निवृत्त पोस्टमन.
*नातवानं नवीन फोन आणलाय, पौर्णिमेला गच्चीवरनं चंद्र काढला तर खड्डे-बिड्डे सगळे दिसतात. माझ्या जुन्या निकॉनवर असं कधी आलं नाही. तो म्हणतोय झूमची कमाल आहे, मला काय पटत नाही.*

काका, तुमचा संशय रास्त आहे. हिशेब बघा. आकाशात चंद्र फक्त अर्ध्या अंशाएवढा दिसतो, आणि फोनच्या झूम भिंगाचं तोंड ५ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या बारक्या तोंडातून प्रकाश आत जाताना पसरतो, तो भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्यावर कुठल्या कंपनीचं काही चालत नाही. त्या हिशेबानं चंद्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ६० ते ६५ ठिपके वेगवेगळे ओळखता येतात. एवढ्यात काळे डाग म्हणजे ज्यांना आपण ससा म्हणतो ते नीट येतील, बारीक खड्डे येणार नाहीत. दुसरी गोष्ट, पौर्णिमेला सूर्य चंद्रावर आपल्या पाठीमागनं सरळ पडतो, खड्ड्यांना सावलीच नसते, म्हणून चांगल्या दुर्बिणीतून सुद्धा पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो. खड्डे बघायचे तर अष्टमीचा चंद्र बघा, उजेड-अंधाराच्या रेघेवर. पौर्णिमेच्या फोटोत सावल्यांसकट खोल खड्डे आले असतील तर फोनला ते कुठनं दिसले हे विचारायलाच पाहिजे.

२०२३ च्या मार्चमध्ये यावर बरीच बोंबाबोंब झाली होती. एकानं चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर केला, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून सॅमसंगच्या फोननं त्या स्क्रीनचा फोटो काढला, तर फोटोत जे तपशील आले ते स्क्रीनवर नव्हतेच. कंपनीनं मग सांगितलं की आमचा फोन चंद्र ओळखतो आणि एआयनं तपशील वाढवतो, सीन ऑप्टिमायझर नावाची सेटिंग बंद केली की ते होत नाही. हा प्रयोग तुम्ही घरातल्या टीव्हीवर नातवाला करून दाखवू शकता, रविवारची करमणूक होईल.

खरं (म्हणजे आपल्या बेळगावी 'खरं', पण या अर्थानं) निकॉनवर फार विश्वास ठेवू नका. कोडॅकच्या ब्राइस बेयरनं १९७६ मध्ये पेटंट घेतलेली लाल-हिरव्या-निळ्या चौकटींची जाळी, तुमचा निकॉन डिजिटल असेल तर, त्यातही आहे, तिच्यामुळं प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांकडं बघून ठरवले जातात. म्हणजे रंगाचा दोन-तृतीयांश भाग तिथंही अंदाजच. माझा स्वतःचा नियम असा की शेजारच्या ठिपक्यांवरून किंवा त्याच क्षणी काढलेल्या दुसऱ्या फोटोंवरून जे काढलं ते मला चालतं, दुसऱ्यांनी कधीतरी काढलेल्या हजारो चंद्रांवरून जे भरलं ते माझा फोटो म्हणून मी लावणार नाही.

खानापूर तालुका. प्राथमिक शिक्षक.
*सर, आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं एक वीरगळ उभा आहे. खालच्या अंगाला चार-पाच ओळी अक्षरं आहेत, बोटाला लागतात खरं डोळ्याला दिसत नाहीत. मोबाईलनं किती फोटो काढले तरी नुसता दगड येतो. एकजण म्हणाला पीठ चोळा, अक्षरं उठून दिसतील. काय करू?*

पीठ चोळू नका गुरुजी. खडू नको, चुना नको, रांगोळी तर नकोच. आधीच अशा दगडांवर पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेंदूर बसलेला असतो, त्यात पीठ चिकटलं की मुंग्या, बुरशी आणि मग कोणीतरी ब्रश घेऊन घासायला येणार, झालं, जी काय अक्षरं उरलीत ती पण गेली.

आधी फुकटचा उपाय. अक्षरं दिसत नाहीत कारण तुम्ही दिवसा समोरून काढताय, किंवा फोनचा फ्लॅश समोरून पडतोय, म्हणजे वर चंद्राचं जे सांगितलं तेच, सावली नाही तर खोली नाही. अंधार पडल्यावर जा, फोन कशावर तरी घट्ट टेकवून ठेवा आणि बॅटरी दगडाच्या अगदी कडेला धरून उजेड पृष्ठभागाला घासत जाईल असा टाका. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, एकदा खालून. उभी रेघ बाजूच्या उजेडात दिसते, आडवी रेघ वरच्या उजेडात, म्हणून एकाच फोटोत सगळी अक्षरं कधीच येत नाहीत. नुसतं एवढं केलं तरी तुम्हाला धक्का बसेल.

आता खरा उपाय, आणि हा मला या सगळ्या विषयात सर्वात आवडतो कारण यात फोन काही बनवत नाही, सगळं मोजलेलं असतं. याला आरटीआय म्हणतात, तो माहिती अधिकारवाला नव्हे, रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग. एचपी कंपनीच्या लॅबमध्ये टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचं मूळ तंत्र मांडलं. २००५ मध्ये अथेन्सला जाऊन त्यांनी त्याच पद्धतीनं अँटिकिथेरा यंत्राचे फोटो घेतले, समुद्रात दोन हजार वर्षं पडून गंजलेलं ग्रीक यंत्र ते, त्याच्यावरची न दिसणारी अक्षरं वाचायला त्याचा मोठा उपयोग झाला.

करायचं असं. कॅमेरा तिवईवर, दगडाच्या बरोबर समोर, आणि एकदा लावला की हलवायचा नाही म्हणजे नाही. बटणाला सुद्धा हात लावायचा नाही, ब्लूटूथ रिमोट नाहीतर टायमर. फोकस, एक्सपोजर (किती उजेड घ्यायचा ते), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही हातानं कुलूपबंद करा, अँड्रॉइड फोन असेल तर ओपन कॅमेरा नावाचं फुकट अ‍ॅप आहे त्यात होतं. एचडीआर, नाइट मोड, एआय काय असेल ते सगळं बंद, नाहीतर प्रत्येक फोटो फोन आपल्या मनानं वेगळा उजळेल आणि सगळं मोजमाप वाया. दगडाच्या शेजारी फोटोत येतील अशा दोन चकचकीत काळ्या गोळ्या लावायच्या. उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जुन्या बेअरिंगच्या गोळ्या मिळतील, त्यांना गुळगुळीत काळा रंग द्या, काठीच्या टोकाला एमसीलनं चिकटवा आणि काठ्या जमिनीत रोवा, दगडाला काही चिकटवायचं नाही. गोळी फोटोत बारीक वाटाण्याएवढी दिसून उपयोग नाही, २०० पिक्सेल तरी रुंद यायला पाहिजे.

मग एकजण बॅटरी घेऊन फिरतो. दगडाच्या कर्णाच्या तिप्पट-चौपट लांबीचा दोरा घ्या, एक टोक बॅटरीला बांधा, दुसरं टोक विद्यार्थ्यानं दगडाच्या मध्याजवळ धरायचं, न टेकवता, दोरा ताणून उजेडाचं अंतर ठरवायचं, दोरा बाजूला करायचा, फोटो. सरकायचं, परत फोटो. खाली १५ अंशापासून वर ६५ अंशापर्यंत, चारी बाजूंनी, असे ४०-५० फोटो झाले की बास. प्रत्येक फोटोत त्या काळ्या गोळीवर बॅटरीची एक चकाकी दिसते, ती चकाकी गोळीवर नेमकी कुठं आहे यावरून सॉफ्टवेअरला कळतं उजेड कुठल्या दिशेनं आला होता. रिलाइटलॅब नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इटलीच्या सरकारी संशोधन संस्थेच्या लोकांनी केलंय. त्यात फोटो घातले की प्रत्येक ठिपक्याला वेगवेगळ्या दिशेच्या उजेडात किती चमक आली याचं एक समीकरण बसतं, आणि मग तुम्ही शाळेतल्या कॉम्प्युटरवर बसून माउसनं उजेड हवा तिथनं हवा तसा फिरवू शकता, ज्या कोनातून फोटो काढलाच नव्हता त्या मधल्या कोनातून सुद्धा. दगडाचा रंग काढून टाकून नुसता उंचसखलपणा पण दाखवता येतो, शेंदराचे डाग त्यात जातात.

पाचवी-सहावीची पोरं दोरा धरायला फार उत्साहानं येतील, फक्त कुणी तिवईला धक्का मारणार नाही एवढं बघा. दगड संरक्षित स्मारकाच्या आवारात असेल तर तिवई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधी काढा, आणि गावच्या देवस्थान कमिटीला पण विचारा, नाहीतर रात्री दगडाभोवती बॅटऱ्या फिरताना बघून गुप्तधन शोधताय असा बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या भागावर कदंबांचं राज्य होतं, हलशी तिथनं लांब नाही, म्हणून अक्षरं जुन्या कन्नडातली निघायची शक्यता भरपूर आहे, वाचणारा तसा जाणकार गाठा. कन्नड निघाली म्हणून गावात कुणी तोंड वाकडं करू नये एवढीच विनंती. अक्षरांबरोबर वरचे कप्पे पण याच पद्धतीनं घ्या, खाली लढाई, मध्ये वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, चंद्र-सूर्य. वाऱ्यापावसानं तेही झिजतंय.

निपाणी. मोबाईल दुकानदार.
*एकाकडं लायट्रो नावाचा जुना चौकोनी कॅमेरा आहे, लांबट डबीसारखा. फोटो काढल्यावर नंतर फोकस बदलता येतो म्हणतो. स्वस्तात देतोय, घेऊ का?*

कपाटात ठेवायला घ्या, धंद्यासाठी नको. वस्तू मात्र फार हुशार होती. आत सेन्सरच्या वर हजारो बारीक भिंगांची जाळी बसवलेली असते, त्यामुळं सेन्सरला नुसता उजेड किती आला एवढंच नाही तर कुठल्या दिशेनं आला हे पण कळतं, आणि दिशा कळली की फोकस नंतर गणितानं कुठंही आणता येतो. कल्पना १९०८ ची, गॅब्रिएल लिपमन या फ्रेंच शास्त्रज्ञाची. स्टॅनफर्डमध्ये रेन एन्ग यानं २००६ च्या आपल्या पीएचडीत ती हातात मावेल अशी करून दाखवली, मग कंपनी काढली, २०१२ मध्ये कॅमेरा बाजारात आला ३९९ डॉलरला. गोची अशी की दिशा मोजायला पिक्सेल खर्ची पडतात. ११ दशलक्ष किरण मोजणारा सेन्सर, आणि हातात येणारा फोटो एक मेगापिक्सेलच्या आसपास. लोकांनी दोन दिवस फोकस इकडंतिकडं करून बघितला आणि ठेवून दिला. २०१८ ला कंपनी बंद. फोटो शेअर करायची वेबसाइट त्याच्याही आधी गेली. म्हणजे बॅटरी, सॉफ्टवेअर, दुरुस्ती सगळ्याची बोंब.

चिकोडी. गृहिणी.
*पोर्ट्रेट मोडमध्ये फोटो काढला की केसातला गजरा अर्धा धूसर होतो, कानातल्या झुब्यांच्या मधली भिंत मात्र स्पष्ट राहते. फोन बिघडलाय का?*

नाही ताई, फोन ठीक आहे. निपाणीच्या दुकानदारांना वर जे सांगितलं त्याचाच हा धाकटा भाऊ आहे. बऱ्याच फोनच्या सेन्सरमध्ये एका बारीक भिंगाखाली पिक्सेलचे दोन अर्धे असतात, एक डावीकडनं बघतो एक उजवीकडनं, आणि त्या दोन चित्रांतल्या किंचित फरकावरून कुठलं जवळ कुठलं लांब हे फोन ठरवतो. त्या दोन नजरांतलं अंतर एक मिलिमीटर पण नसतं, त्यात मोगऱ्याची एकेक कळी आणि झुब्याचं भोक कुठनं कळणार, मग माणसाचा आकार कसा असतो हे शिकवलेलं एक मॉडेल उरलेली कड अंदाजानं कापतं, आणि त्या मॉडेलनं गजरे फारसे बघितलेले नसावेत. भिंतीपासून दहा-बारा फूट पुढं उभं राहून पोर्ट्रेट मोड न लावता नुसत्या दुप्पट झूमवर काढा, मागचं आपोआप थोडं मऊ होईल आणि गजरा पूर्ण राहील.

मारुती गल्ली, बेळगाव. हौशी फोटोग्राफर.
*वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो काढतो. एलईडीमुळं फोटोवर आडवे पट्टे येतात, आणि नाइट मोड लावला तर ढोलवाल्याला तीन हात येतात. दरवर्षी हेच.*

दोन वेगळे रोग आहेत. पट्ट्यांचं कारण हे की फोनचा सेन्सर पूर्ण चित्र एकदम वाचत नाही, एकेक ओळ वरून खाली वाचतो, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/२५० सेकंद ठेवलं की काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो काहींच्या वाट्याला अंधार. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक ओळीला पूर्ण झटके मिळतात, पट्टे जातात. हे पुस्तकातलं झालं. मिरवणुकीत अडचण अशी की चित्ररथावरचे दिवे ट्रॉलीवरच्या जनरेटरवर असतात आणि जनरेटरवर लोड पडला की त्याचे हर्ट्झ खाली येतात, त्यात मागच्या एलईडी पडद्याची लुकलुक त्याच्या स्वतःच्या चालीनं, मेन लाइनशी तिचा संबंधच नाही. म्हणून १/१०० पासून सुरू करा, पट्टे दिसले तर १/८०, १/६० असं हळूहळू खाली या, आणि पडदाच मध्ये येत असेल तर सरळ जागा बदला.

तीन हातांचं. नाइट मोड म्हणजे बरेच कमी उजेडाचे फोटो घेऊन एकावर एक जुळवायचे. मुद्दाम कमी उजेडाचे घेतात कारण दिव्याचा पांढरा भपका एकदा पूर्ण पांढरा झाला की त्यात परत काही भरता येत नाही, अंधारातलं मात्र अनेक फोटो मिळवून वर काढता येतं. भर बाजारात कुणी आपलं नाव दहा वेळा हाक मारलं की गोंगाटातनं ते कळतं, कारण नाव दर वेळी तेच असतं आणि गोंगाट दर वेळी वेगळा, तसंच हे, १६ फोटोंची सरासरी घेतली की दाणेदारपणा चौथाईवर येतो. खरं हे सगळं चालतं समोरचा माणूस स्थिर असेल तर. ढोलवाल्याचा हात प्रत्येक फोटोत वेगळीकडं. चांगला फोन न जुळणारा तुकडा टाकून देतो, त्यामुळं तिथं एकच हात येतो पण दाणेदार, जुना फोन सगळं मिसळतो आणि अष्टभुजा करून ठेवतो.

म्हणून ढोल, लेझीम, झांज यांना प्रो मोड, १/१००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, रॉमध्ये (म्हणजे फोननं न सजवलेली कच्ची फाईल), दाणे आले तर येऊ देत, रात्रीच्या मिरवणुकीला ते शोभतात. आणि सजीव देखाव्यात मावळे श्वास रोखून उभे असतात त्या वेळी नाइट मोड बिनधास्त लावा, त्याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं नाही.

उद्यमबाग, बेळगाव. इंजिनिअरिंगची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी.
*सर, प्रोजेक्टला कॉम्प्युटेशनल कॅमेरा करायचाय. गाईड म्हणतात बजेट कमी ठेवा आणि एआय मॉडेल डाउनलोड करून दाखवू नका, सगळे तेच करालेत. कॅमेरा आपण स्वतः प्रोग्राम करू शकतो का? आणि वाकणारा कॅमेरा केलाय म्हणतात, ते खरं आहे का?*

तुझ्या गाईडना माझा नमस्कार सांग. कॅमेरा प्रोग्राम करायची आयडिया स्टॅनफर्डमध्ये मार्क लेवॉय आणि अँड्र्यू अ‍ॅडम्स वगैरे मंडळींनी २०१० मध्ये धसाला लावली. कंपन्यांचे कॅमेरे बंद पेटीसारखे, आत काय चालतं बदलता येत नाही, म्हणून त्यांनी लिनक्सवर चालणारा, कॅननची भिंगं लागणारा एक ओबडधोबड ठोकळा केला आणि नाव ठेवलं फ्रँकनकॅमेरा. मुद्दा हा की प्रत्येक फ्रेमला वेगळं शटर, वेगळा फोकस, वेगळा फ्लॅश आधीच ठरवून द्यायचा आणि कॅमेऱ्यानं तो न चुकता पाळायचा. तोच कोड नोकियाच्या एन९०० फोनवर पण चालवला. लेवॉय नंतर गूगलमध्ये गेले, पिक्सेल फोन अनेक फोटो जुळवून एक करतो त्या एचडीआर प्लसमागं आणि नाइट साइट या त्याच्या नाइट मोडमागं त्यांचीच टीम होती. अँड्रॉइड ५ पासून कॅमेरा२ नावाचा जो एपीआय (प्रोग्राममधून कॅमेऱ्याला हुकूम द्यायची सोय) आहे त्यातही हीच फ्रेमगणिक ऑर्डर द्यायची पद्धत आहे, तेव्हा हो, फोनसुद्धा प्रोग्राम करता येतो, फक्त प्रत्येक फोन सगळं करू देत नाही. तुझ्यासाठी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा एचक्यू कॅमेरा बरा, १२.३ मेगापिक्सेल, सीसीटीव्हीची भिंगं लागतात, पायथॉनमधून सगळं हातात.

प्रोजेक्ट काय करायचा ते सांगतो. नाशिकचे रमेश रासकर, पुण्याच्या सीओईपीमध्ये शिकलेले, आता एमआयटी मीडिया लॅबमध्ये आहेत, त्यांनी अमित अग्रवाल आणि जॅक टंबलिन यांच्याबरोबर २००६ मध्ये एक भन्नाट गोष्ट केली. पळणाऱ्या गाडीचा फोटो हलतो, नंबर वाचता येत नाही, आणि नंतर सॉफ्टवेअरनं कितीही ओढाताण केली तरी साफ होत नाही. कारण शटर सलग उघडं राहिलं की काही जाडीचे तपशील बरोबर पुसले जातात, कायमचे, शून्यानं भागल्यासारखं होतं, जे नाही ते परत कुठनं आणणार. त्यांनी शटर सलग न ठेवता एका ठरलेल्या वेड्यावाकड्या तालावर उघडझाप केलं, ५२ तुकड्यांचा ताल. हलण्याचा डाग तेवढाच लांब, पण त्या तालामुळं कुठलाच तपशील पूर्ण शून्य होत नाही, आणि मग साधं बीजगणित वापरून गाडी परत उभी करता येते.

त्यांच्याकडं भिंगापुढं लावायचं खास एलसीडी शटर होतं, तुला ते परवडणार नाही, गरज पण नाही. खोलीत पूर्ण अंधार कर, शटर सलग उघडं ठेव आणि उघडझाप दिव्याची कर. अर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डावर एक पॉवरफुल एलईडी, २ मिलिसेकंदाचा एकेक ठोका, ५२ ठोके म्हणजे १०४ मिलिसेकंद. खेळण्यातल्या गाडीला केए २२ ची छोटी नंबर प्लेट छापून चिकटव, गिअरवाल्या मोटरनं दोरीनं सरळ रेषेत एकाच वेगानं ओढ, मागं काळं कापड. वेग असा ठेव की डाग साधारण ५२ पिक्सेल लांब येईल, म्हणजे एका ठोक्याला एक पिक्सेल, हिशेब सोपा जातो. फोटो रॉमध्येच घे, जेपीईजीत उजेडाचे आकडे वाकवलेले असतात, समीकरण बसत नाही. एकदा तालावर, एकदा तेवढाच वेळ सलग दिवा लावून, दोन्ही सोडव आणि दोन नंबर प्लेटी शेजारी ठेव. परीक्षकांना दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही. तुझा तो दुसरा प्रश्न, वाकणारा कॅमेरा. ते खरं आहे, कोलंबिया विद्यापीठात श्री नायर यांच्या लॅबनं २०१६ मध्ये भिंगांचीच एक रबरासारखी वाकणारी चादर करून दाखवली, चादर वाकवली की भिंगांचा आकार बदलून मधल्या फटी राहत नाहीत. छान आहे, पण एका सेमिस्टरमध्ये व्हायचं नाही, वाचून ठेव.

गोकाक. बँक कर्मचारी.
*धबधब्याचं पाणी रेशमासारखं येण्यासाठी काळा फिल्टर घ्यावाच लागतो का? आणि मे अखेरीस जांबोटी बाजूला काजव्यांचे फोटो काढायचे आहेत, तेही सांगा.*

फिल्टर नको. धबधब्यासमोर तिवई लावून साधे ५०-६० फोटो घ्या आणि कॉम्प्युटरवर सरासरी काढा, खडक तसाच राहतो, पाणी मऊ होतं, वर दाणे पण जातात. झुलत्या पुलावरनं काढू नका, पुलावर माणूस चालला की तिवई पण चालते. हातात धरूनच काढले असतील तर हगिन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आधी ते एकमेकांवर जुळवून घ्या.

काजव्यांना उलटं, सरासरी घेतली तर काजवे दिसेनासे होतील. १५-२० सेकंदांचे बरेच फोटो, तिवई न हलवता, आणि प्रत्येक ठिपक्याला सगळ्या फोटोंतला सर्वात उजळ आकडा ठेवायचा, गिंप किंवा फोटोशॉपमध्ये लाइटन म्हणतात. अशा फोटोत झाड काजव्यांनी लगडलेलं दिसतं पण ते अर्ध्या तासाचे काजवे एकदम, तेव्हा खाली तसं लिहा, नाहीतर लोक बघायला येतात आणि हिरमुसून जातात. बॅटरी मारू नका, ते चमकायचे थांबतात. जागा मी मुद्दाम छापत नाही, गर्दी होते, आणि अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरायचं नाही.

हुक्केरी. शेतकरी.
*मुलाचा जुना कॅनन पॉवरशॉट पडून आहे, मोबाईल आल्यापासून कुणी हात लावत नाही. भंगारात देऊ का?*

देऊ नका इतक्यात. सीएचडीके नावाची एक फुकटची भर आहे, मेमरी कार्डवर टाकायची, कॅमेऱ्याचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, तसंच राहतं, कार्ड काढलं की कॅमेरा पहिल्यासारखा. तिच्यामुळं साध्या पॉवरशॉटला रॉ फोटो, दर मिनिटाला आपोआप फोटो, आणि समोर काही हललं की आपोआप क्लिक एवढं येतं. वळवाच्या विजा पकडायला लोक हेच वापरतात, वीज चमकली की कॅमेरा स्वतःच ओढतो. बांधावर खांबाला बांधून ऊस लावणीपासून तोडणीपर्यंतचे फोटो घ्यायला पण चालेल, फक्त प्लास्टिकच्या डब्यात घालून बांधा. सगळ्या मॉडेलवर चालत नाही, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या फर्मवेअरला वेगवेगळी फाईल लागते, तेव्हा कॅमेऱ्याच्या पोटावर लिहिलेलं मॉडेल नाव कळवा आणि मुलाला फर्मवेअरचा नंबर बघायला सांगा, कुठली फाईल लागते ते सांगतो.